नोकरी सांभाळून ग्राफिक डिझाइनचे शिक्षण : निवड कशी करावी?

दुधाच्या पिशवीवरील अक्षरे, औषधाच्या खोक्यावरील सूचना, पतसंस्थेचे पासबुक, लग्नपत्रिका, एसटी स्थानकातील फलक आणि मोबाइलच्या पडद्यावरील बटणे या सर्वांमागे कोणीतरी विचारपूर्वक केलेली मांडणी असते. कोणता मजकूर मोठा, कोणता लहान, कोणता रंग कशाशेजारी आणि वाचणाऱ्याची नजर प्रथम कोठे जावी हे ठरविण्याचे शास्त्र आणि कला म्हणजे ग्राफिक डिझाइन. मराठीत यास ‘उपयोजित कला’ किंवा ‘दृश्यसंवाद’ असेही म्हटले जाते.

या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्यांत केवळ बारावी उत्तीर्ण विद्यार्थीच असतात असे नाही. कारखान्यात पाळीत काम करणारे तंत्रज्ञ, छापखान्यातील डीटीपी ऑपरेटर, पतसंस्थेतील लिपिक, शाळेतील शिक्षक, दुकानात बसणारे पदवीधर अशा अनेकांना हे शिक्षण घ्यावयाचे असते. मात्र घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि कुटुंबाची जबाबदारी यामुळे नोकरी सोडणे शक्य नसते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो. क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहती, सहकारी साखर कारखाने, संगमनेर परिसरातील दूध व्यवसाय, शिर्डीतील हॉटेल व्यवसाय आणि नगर शहरातील बाजारपेठ यांमुळे डिझाइनचे काम येथे आहे. डिझाइनच्या नामांकित शिक्षणसंस्था मात्र मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत आहेत. त्यामुळे येथील नोकरदाराला अंतर आणि वेळ या दोन्हींचा हिशेब मांडूनच निवड करावी लागते.

सॉफ्टवेअर म्हणजे डिझाइन नव्हे

निवड करण्यापूर्वी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. कोरलड्रॉ, फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन ही साधने आहेत. ती चालविता येणे म्हणजे डिझाइन येणे नव्हे. साधने बदलत राहतात. एकेकाळी मराठी छापखान्यांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्यानंतर त्याची जागा इनडिझाइनने घेतली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या कॅन्व्हाने तयार साच्यांतून पत्रक बनविणे कोणालाही शक्य केले. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने शब्दांत वर्णन दिले की चित्र तयार करू लागली आहेत.

या बदलांचा फटका प्रथम बसतो तो केवळ सॉफ्टवेअर चालविण्यावर अवलंबून असलेल्या कामाला. वाढदिवसाचे फ्लेक्स, साचेबद्ध शुभेच्छापत्रे, रोजच्या समाजमाध्यमांवरील चौकटी ही कामे आता ग्राहक स्वतःच करू शकतो. याउलट ग्राहकाची नेमकी गरज ओळखणे, मजकुराची क्रमवारी लावणे, अक्षराची योग्य निवड करणे, छपाईत रंग कसा उतरेल याचा अंदाज बांधणे ही कौशल्ये कोणत्याही एका साधनावर अवलंबून नाहीत. म्हणून जो अभ्यासक्रम केवळ ‘इतक्या दिवसांत इतकी सॉफ्टवेअर’ अशी जाहिरात करतो, त्याच्याकडे मर्यादित अपेक्षेने पाहावे. नोकरी करणाऱ्याकडे वेळ कमी असल्याने तो कालबाह्य होणाऱ्या गोष्टीवर खर्च होणे त्याला परवडणारे नसते.

वेळेचा हिशेब

शुल्काची चौकशी सर्वजण करतात. वेळेचा हिशेब फार थोडे मांडतात. आठवड्यातील चार दिवस रोज एक तास आणि रविवारी चार तास धरल्यास आठवड्याला आठ तास मिळतात. सणवार, लग्नसराई, आजारपण, कामाचा जादा भार यांचे आठवडे वगळून वर्षाचे ४५ आठवडे हाती येतात असे मानले, तर वर्षाला ३६० तास होतात. पूर्णवेळ पदवीचा विद्यार्थी आठवड्याला ३० तास याप्रमाणे वर्षातील ३२ आठवडे काम करतो असे ढोबळमानाने धरले, तर त्याचे वर्षाला ९६० आणि चार वर्षांत ३,८४० तास होतात. म्हणजे नोकरी सांभाळून तेवढेच तास भरण्यास जवळपास अकरा वर्षे लागतील.

हा हिशेब निराश करण्यासाठी नसून निवड नेमकी करण्यासाठी आहे. सर्व काही शिकण्याचा अट्टहास नोकरदाराने सोडावा आणि एक शाखा निवडावी. पुस्तके, नियतकालिके व छपाई. वेष्टन म्हणजे पॅकेजिंग. बोधचिन्ह आणि जाहिरात. संकेतस्थळे व मोबाइलचे पडदे या चार प्रमुख शाखा आहेत. रेखाटन, रंग, रचना आणि अक्षर हा पाया चारही शाखांना समान आहे. पायासाठी एक वर्ष आणि निवडलेल्या शाखेसाठी एक ते दोन वर्षे अशी आखणी केल्यास दोन-तीन वर्षांत व्यावसायिक काम स्वीकारण्याइतकी तयारी होऊ शकते.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर ‘दररोज सायंकाळी सात ते नऊ’ असा वर्ग कितीही चांगला असला तरी दोन आठवड्यांतून एकदा बुडणारच. अशांनी ध्वनिचित्रमुद्रित पाठ आणि सुट्टीच्या दिवशी शिक्षकाची भेट अशी जोड असलेली व्यवस्था शोधावी.

पदवी आणि पदविका

महाराष्ट्रात उपयोजित कलेच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये स्थापन झाले. तेथे १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि पुढे त्यातूनच सर जे. जे. उपयोजित कला संस्था उभी राहिली. जे. जे. समूहाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय उपयोजित कलेसाठी परिचित आहे.

बारावीनंतर प्रवेश परीक्षेद्वारे मिळणारी बीएफए ही चार वर्षांची पदवी पूर्णवेळ आहे. दिवसा वर्ग, प्रात्यक्षिके आणि हजेरीची अट यांमुळे पूर्णवेळ नोकरी करीत ती नियमितपणे पूर्ण करणे व्यवहारात शक्य होत नाही. कला संचालनालयाच्या कक्षेतील जी. डी. आर्ट पदविका दहावीनंतर, पायाभूत वर्ष धरून, पाच वर्षांची असते. तीही नियमित उपस्थितीची मागणी करते. ‘कॉलेजात नाव घाला, हजेरीचे पाहून घेऊ’ अशा आश्वासनावर विसंबून प्रवेश घेणे सर्वथा टाळावे. तसे केल्यास प्रमाणपत्र कदाचित हाती येईल, पण त्यामागे काम नसेल. या व्यवसायात प्रमाणपत्राआधी काम पाहिले जाते.

मग पदवी आवश्यक आहे का? हे उद्दिष्टावर अवलंबून आहे. कला महाविद्यालयात अध्यापन, पदवीची अट असलेली शासकीय पदे, परदेशातील उच्च शिक्षण यांसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. छापखाना, जाहिरात संस्था, स्थानिक उद्योग किंवा स्वतंत्र व्यवसाय यांत मात्र कामाचा संग्रह अधिक महत्त्वाचा ठरतो. या दोहोंपैकी आपले उद्दिष्ट कोणते हे ठरविल्याशिवाय पदवीच्या मागे धावू नये.

पदवीधरांसाठी ‘सीड’चा मार्ग

ज्यांच्याकडे अन्य शाखेची पदवी आहे, अशा नोकरदारांसाठी एक मार्ग फारसा चर्चिला जात नाही. आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र आज आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन या नावाने ओळखले जाते. तेथील दोन वर्षांच्या एम. डेस. अभ्यासक्रमात दृश्यसंवादाचे शिक्षण मिळते. प्रवेशासाठी ‘सीड’ ही राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर किमान तीन वर्षांचा पदवी किंवा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केलेला कोणत्याही शाखेचा उमेदवार या परीक्षेस बसू शकतो. जी. डी. आर्ट पदविकाधारकांना एक वर्षाच्या कामाच्या अनुभवासह संधी मिळते. या परीक्षेसाठी वयोमर्यादा नाही आणि ती कितीही वेळा देता येते.

परीक्षेची तयारी नोकरी करीत होऊ शकते, हे या मार्गाचे वैशिष्ट्य. परीक्षेत निरीक्षण, दृश्य तर्क, रेखाटन आणि समस्येवर उपाय सुचविण्याची क्षमता तपासली जाते. सॉफ्टवेअरचे ज्ञान तेथे कसाला लागत नाही. अभियांत्रिकी, वाणिज्य वा कला शाखेचा पदवीधर एक-दोन वर्षे रोजचा एक तास रेखाटनाला देऊन परीक्षा देऊ शकतो. निवड झाली तरच दोन वर्षांसाठी नोकरी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. अहमदाबाद येथील १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची (एनआयडी) प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते. तिच्या वयाच्या अटी वेगळ्या असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज करावा.

अल्पमुदतीचे अभ्यासक्रम

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांत डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा एक वर्षाचा व्यवसाय समाविष्ट आहे. मात्र तो दिवसा चालणारा असल्याने प्रामुख्याने बेरोजगार तरुणांना उपयुक्त आहे. एमकेसीएलच्या अधिकृत केंद्रांतून डीटीपीसारखे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालविले जातात आणि ही केंद्रे तालुक्यांच्या गावांतही आढळतात. ज्याला संगणकाची मुळातच ओळख नाही, त्याने येथून आरंभ करण्यास हरकत नाही. साधने हाताळणे तेथे शिकता येते. रचनेचा विचार स्वतंत्रपणे शिकावा लागतो, एवढे भान ठेवावे.

खासगी संस्थांचे सहा महिने ते दोन वर्षांचे ‘डिप्लोमा’ अभ्यासक्रम हा तिसरा प्रकार. त्यांतील काही उत्तम असतात, काही केवळ जाहिरातीवर चालतात. खासगी संस्थेने दिलेला ‘डिप्लोमा’ आणि विद्यापीठाची किंवा शासकीय मंडळाची पदविका या वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था विद्यापीठाचे नाव सांगत असेल, तर त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिचा आणि अभ्यासक्रमाचा उल्लेख आहे का, हे तपासावे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहावी. आयोगाने २०२२ पासून काही अटींवर दोन अभ्यासक्रम एकाच वेळी पूर्ण करण्यास अनुमती दिली आहे. त्यामुळे मुक्त विद्यापीठातून बी. ए. किंवा बी. कॉम. करणाऱ्या नोकरदाराला डिझाइनचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम जोडीने करता येऊ शकतो. अर्थात, आठ तासांच्या आठवड्यात दोन्ही मावतात का, हा प्रश्न उरतोच.

शुल्काच्या हप्त्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. ‘सुलभ हप्ते’ म्हणून ज्या कागदावर सही घेतली जाते, तो अनेकदा एखाद्या वित्तसंस्थेकडून विद्यार्थ्याच्या नावे घेतलेल्या कर्जाचा करार असतो. शिक्षण अर्धवट सोडले तरी हप्ते चालूच राहतात. मासिक वेतनावर घर चालविणाऱ्याने कराराचा प्रत्येक परिच्छेद वाचल्याशिवाय सही करू नये आणि शुल्कपरतीची अट लेखी घ्यावी.

ऑनलाइन शिक्षण : बळ आणि उणीव

जिल्ह्याच्या अंतराच्या अडचणीवर ऑनलाइन शिक्षण हा मोठा उतारा ठरला आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीने एनआयडी आणि आयआयटी गुवाहाटी यांच्या सहकार्याने उभारलेला ‘डी-सोर्स’ हा डिझाइनविषयक माहितीचा विनामूल्य खजिना आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डिझाइनविषयक अभ्यासक्रम वेळोवेळी उपलब्ध होतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स या संस्थेची ग्राफिक डिझाइनची अभ्यासक्रममालिका कोर्सेरावर आहे. तीत मूलभूत तत्त्वे, अक्षररचना, प्रतिमानिर्मिती आणि ग्राफिक डिझाइनचा इतिहास असे विषय आहेत.

माहितीची उणीव आज राहिलेली नाही. उणीव आहे ती दुरुस्तीची. पाठ पाहून केलेले काम चुकले कोठे, हे सांगणारे कोणी नसेल तर विद्यार्थी तीच चूक शंभर वेळा गिरवतो. कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे काम भिंतीवर लावून त्यावर शिक्षक आणि सहाध्यायी चर्चा करतात. पूर्णवेळ शिक्षणाचा खरा लाभ तेथेच असतो. नोकरदाराने शुल्क भरावयाचे तर ते प्रामुख्याने या दुरुस्तीसाठी भरावे. पाठ विनामूल्य मिळतात. आपले काम बारकाईने पाहणारी अनुभवी नजर विनामूल्य मिळतेच असे नाही.

अशी नजर आसपास शोधता येते. जिल्ह्यातील कला महाविद्यालयांचे अध्यापक, शाळांतील कलाशिक्षक, जुन्या मुद्रणालयांचे मालक, पुण्यात काम करून परतलेले डिझायनर यांच्यापैकी कोणाशी महिन्यातून दोनदा दोन तासांचे मार्गदर्शन ठरविता आले, तर विनामूल्य ऑनलाइन पाठांची त्याला उत्तम जोड मिळते. यासाठी योग्य मानधन द्यावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी शिस्त राहते.

रविवारचे वर्ग आणि प्रवास

नगर ते पुणे हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. जाण्या-येण्यात साधारण सहा तास जातात. तीन तासांच्या वर्गासाठी दर रविवारी हा प्रवास केल्यास आठवड्याची एकमेव सुट्टी संपते आणि सरावाला वेळ उरत नाही. काही महिन्यांतच थकवा जाणवू लागतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा दिवसभराची कार्यशाळा आणि उरलेले रविवार घरी सराव, ही व्यवस्था अधिक टिकाऊ ठरते.

जिल्ह्याचा विस्तार पाहता सर्वांनी पुण्याकडेच पाहण्याचे कारण नाही. संगमनेर, अकोले, कोपरगाव व राहाता येथील विद्यार्थ्यांना नाशिक जवळ पडते. नेवासे, शेवगाव परिसरातून छत्रपती संभाजीनगर सोयीचे आहे. श्रीगोंदे आणि पारनेरकरांसाठी पुणे योग्य. अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा प्रवासाचे तास आधी मोजावेत.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

कोणत्याही वर्गात नाव नोंदविण्यापूर्वी पुढील बाबींची माहिती घ्यावी.

१. शिकविणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे प्रत्यक्ष वापरात आलेले काम कोणते? ते पाहावयास मिळेल का?
२. एका तुकडीत किती विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाचे काम किती वेळा तपासले जाते?
३. अभ्यासक्रमात रेखाटन, अक्षररचना आणि रंगविचार यांना किती तास दिले आहेत?
४. देवनागरी अक्षरांवर स्वतंत्र काम करून घेतले जाते का?
५. छपाईसाठी फाइल तयार करणे आणि प्रत्यक्ष मुद्रणालय दाखविणे यांचा समावेश आहे का?
६. अभ्यासक्रम संपताना विद्यार्थ्याच्या हाती किती पूर्ण प्रकल्प असतील?
७. पाळी किंवा जादा कामामुळे बुडालेला वर्ग भरून देण्याची सोय काय?
८. मागील तुकडीतील नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे काम दाखविता येईल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयुक्त आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याने केलेले सुंदर काम पाहून नोकरदाराने आपल्याबाबत अंदाज बांधू नये. आपल्याइतकाच वेळ असलेल्याने तेथे काय साधले, हे पाहावे. संस्थेने ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ दिली असल्यास ती लेखी मागावी. बहुधा उत्तर तेथेच मिळते.

देवनागरीचे भांडवल

जिल्ह्यातील डिझायनरला पुण्या-मुंबईशी स्पर्धा करावयाची असेल तर मराठी अक्षर हे त्याचे मोठे भांडवल आहे. नगरला छापील मराठीची परंपराही जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये याच शहरातून सुरू झाले. आजही जिल्ह्यातील बहुतेक छापील मजकूर मराठीत असतो, पण डिझाइनचे शिक्षण व पाठ्यसामग्री बहुतांशी रोमन अक्षरांवर आधारलेली असते. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीत दोन ओळींमधील अंतर, शब्दाची उंची आणि अक्षरांचे वजन यांचे गणित निराळे असते. रोमनसाठी शिकलेला नियम तसाच लावल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

या विषयात मराठी माणसांनी मोठे काम केले आहे. विंडोजसोबत येणाऱ्या ‘मंगल’ या देवनागरी टंकाचे आरेखन र. कृ. जोशी यांनी केले. ते जाहिरात क्षेत्रातून अध्यापनाकडे आणि पुढे संगणकीय टंकांच्या कामाकडे वळले होते. कमल शेडगे यांनी ‘टाइम्स’च्या कला विभागात नोकरी करीत असतानाच नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरलेखनाची स्वतंत्र शैली घडविली. नोकरी आणि कलेची साधना एकत्र चालू शकते, याचे हे मराठीतील ठळक उदाहरण आहे. ‘एक टाइप’ या मुंबईतील संस्थेने तयार केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक मुक्त परवान्यावर उपलब्ध असून विद्यार्थी ते व्यावसायिक कामातही विनाशुल्क वापरू शकतात. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण जाहीर केले होते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून कशी निराळी आहेत, हे अभ्यासणे शासकीय आणि शैक्षणिक कामासाठी आवश्यक आहे.

कामाचा संग्रह जिल्ह्यातूनच

कामाचा निवडक संग्रह म्हणजे पोर्टफोलिओ. त्यात काल्पनिक शीतपेयांच्या बाटल्या भरण्याऐवजी आसपासच्या खऱ्या गरजा घ्याव्यात. बचत गटाच्या पापड-मसाल्याचे वेष्टन, रेहेकुरी काळवीट अभयारण्याचा माहितीफलक, भंडारदरा परिसराचा पर्यटन नकाशा, अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याची माहितीपत्रिका, ग्रामीण रुग्णालयातील लसीकरणाचे वेळापत्रक, पतसंस्थेचा सोपा अर्ज असे विषय हाती घेता येतील. अशा कामात मजकूर खरा असतो, वाचक डोळ्यांसमोर असतो आणि काम जमले की नाही हे त्याला दाखवून पडताळता येते. दहा-बारा उत्तम कामे पन्नास सामान्य कामांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात. प्रत्येक कामासोबत अडचण कोणती होती, कोणते पर्याय तपासले आणि अंतिम पर्याय का निवडला, हे चार ओळींत लिहावे.

जे आधीच छापखान्यात किंवा जाहिरात संस्थेत नोकरीस आहेत त्यांनी एक कायदेशीर बाब ध्यानात घ्यावी. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाचा असतो. ते काम संग्रहात दाखविण्यापूर्वी परवानगी घ्यावी. तसेच सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती वापरू नयेत. इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस ही मुक्त सॉफ्टवेअर शिकण्यासाठी पुरेशी आहेत. व्यवसाय सुरू झाल्यावर सशुल्क साधने घेता येतात.

नोकरीचे नियम आणि पुढचे पाऊल

शिकता शिकता लहानमोठी कामे मिळू लागतात. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातील अटी तपासाव्यात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असून खासगी व्यवसायासाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. शिक्षण घेण्यासही कार्यालयाला लेखी कळवून ठेवणे हिताचे असते. परीक्षेच्या काळात रजा मिळविणे त्यामुळे सोपे जाते.

मोठे शुल्क भरण्यापूर्वी बारा आठवड्यांची स्वतःची चाचणी घेणे हा उत्तम उपाय आहे. विनामूल्य पाठांच्या आधारे आठवड्याला आठ तास काढावेत, रोज एक रेखाटन करावे आणि बारा आठवड्यांत तीन लहान प्रकल्प पूर्ण करून जाणकाराला दाखवावेत. बारापैकी नऊ-दहा आठवडे हा क्रम टिकला, तर पुढील शिक्षणावर खर्च करण्यास हरकत नाही. तो टिकला नाही, तर दोष बहुधा इच्छेचा नसून वेळापत्रकाचा असतो. आधी वेळापत्रक बदलावे, मग प्रवेश घ्यावा.

नोकरी सोडण्याचा निर्णय सर्वांत शेवटी यावा. डिझाइनच्या कामातून येणारे उत्पन्न किमान सलग सहा महिने घरखर्चाचा ठरावीक भाग भागवीत आहे, सहा महिन्यांचा खर्च शिलकीत आहे आणि कामे एकाच ग्राहकावर अवलंबून नाहीत, अशी स्थिती येईपर्यंत नोकरी हाच शिक्षणाचा आधार समजावा. नियमित वेतनामुळे चुकीचे काम नाकारण्याचे आणि सावकाश शिकण्याचे स्वातंत्र्य मिळते. पूर्णवेळ विद्यार्थ्याकडे तास अधिक असतात. नोकरदाराकडे कामाच्या जगाची ओळख, ग्राहकांशी बोलण्याची सवय आणि मुदत पाळण्याची शिस्त असते. उद्दिष्ट, उपलब्ध वेळ आणि काम तपासणारी व्यक्ती या तीन गोष्टी निश्चित केल्यानंतर संस्थेचे नाव आणि प्रमाणपत्र यांचा विचार केल्यास निवड चुकण्याची शक्यता बरीच कमी होते.